बोडीतले झिंगे कशाने मेले

मी पोचलो तेव्हा मंगरू ढिवराचं जाळं जप्त होऊन गावच्या प्रमुखाच्या, म्हणजे पटेलांच्या ओसरीवर पडलं होतं आणि मंगरू खाली अंगणात उकिडवा बसला होता. गावच्या बोडीतले मासे सकाळी पोटं वर करून तरंगताना दिसले होते. बोडी म्हणजे धानाच्या पाण्यासाठी बांध घालून केलेलं छोटं तळं. या बोडीत मासे पाळायचा हक्क मंगरूच्या घराण्याचा. पंच सकाळपासून बसले होते आणि तो हक्क काढून घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं.

मी तेव्हा मत्स्यखात्यात रिसर्च असिस्टंट होतो. पोस्टिंग नवेगाव बांधला. जिल्हा अजून भंडाराच होता. माझं काम तलावात काय काय जगतं ते पाहायचं. मासे सगळ्यांनाच दिसतात. मी बघायचो ते त्यांच्या खालचं. झिंगे, गोगलगायी, चतुरांच्या अळ्या, पाणभुंगे. पहाटे डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून निघायचं, हातजाळीने गवताच्या मुळाशी ढवळायचं आणि सापडेल ते पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये ओतून बघत बसायचं. लोक मला किडेवाले साहेब म्हणत. पुढे मी बराच वर चढलो, कार्यालयात पंखा आला, दाराशी शिपाई आला. पण त्या डोंग्यातल्या सकाळींची सर कशालाच आली नाही.

तर या किडेवाल्याला पटेलांनी सायकलवर माणूस पाठवून बोलावलं होतं. त्यांना माझ्याकडून सरकारी शब्द हवा होता. तो एवढाच, की मंगरूने बोडीत मोहाची ढेप घातली.

हे जरा समजावून सांगतो. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरतो तो चोथा म्हणजे ढेप. ती कुटून पाण्यात टाकली की मासे गुंगतात, मग मरतात. जंगलातल्या नाल्यांच्या डोहांत लोक असे मासे धरत. आणि गावात रीत अशी, की उन्हाळ्यात बोडी आटली की सगळ्यांनी मिळून मासे धरायचे, निम्मे मंगरूचे, निम्मे गावाचे. तो दिवस दोनचार दिवसांवर आला होता. त्याआधीच मंगरूने चोरून हात मारायचा बेत केला आणि तो फसला, असा आरोप होता.

"ढेप त्याच्या घरी सापडली. आता अजून काय पायजे?" पटेल म्हणाले.

"ढेप साऱ्यायच्याच घरी हाये," मंगरू म्हणाला. "बोडी गेली तं मी पोरायले काय खाऊ घालू?"

मी आधी पाणी बघतो म्हणालो. तिथे माझ्या आधी निम्मं गाव पोचलं होतं. मेलेले मासे वेचून नेणं चालूच होतं. ते खाऊ नका, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. काहींनी टोपल्या रिकाम्या केल्या, काहींनी मान डोलावून घरची वाट धरली.

पाणी गुडघ्याएवढंच उरलं होतं. मला आधी वाटलं, उकाड्याने पाण्यातला ऑक्सिजन संपला असेल. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात असं होतं. हातजाळी फिरवली आणि ट्रेमध्ये ओतली. झिंगे मेलेले. चतुरांच्या अळ्या मेलेल्या. आणि पाणभुंगेही मेलेले. तिथे मी थबकलो. पाणभुंगा पाण्यावर येऊन वरची हवा घेतो. पाण्यातला ऑक्सिजन संपल्याने तो मरत नाही. आणि ढेपेने मासे मरतात, पण तेवढ्या ढेपेला झिंगे दाद देत नाहीत. ढेपेचं विष माशांच्या कल्ल्यांवर चालतं, झिंग्यांवर फारसं नाही. इथे तर कीटकच आधी साफ झाले होते.

मंगरूने हे केलेलं नाही, असं मी पंचांना सांगितलं. पुस्तकातलं बोलू नका म्हणाले. मग मी दोन मडकी मागवली. शेजारच्या नाल्यातून जिवंत पिटुकले मासे आणि झिंगे आणवले. एका मडक्यात नाल्याचं पाणी आणि मंगरूच्याच घरातली ढेप कालवली. दुसऱ्यात बोडीचं पाणी. सगळं गाव भोवती गोळा झालं. ढेपेच्या मडक्यात फेस आला, मासे उलटे झाले, झिंगे मात्र मिशा हलवत तळाशी फिरत राहिले. बोडीच्या मडक्यात आधी झिंगे वेडेवाकडे उड्या मारू लागले, मग आडवे झाले. मासे त्यांच्या मागोमाग गेले.

"हे कीटकनाशक आहे," मी म्हणालो. "डीडीटी."

मलेरियाचे फवारेवाले नुकतेच येऊन गेले होते. घराघराच्या भिंती पांढुरक्या दिसत होत्या. पण पटेल हुशार माणूस. त्यांनी पंप बोडीवर धुवू दिले नव्हते, स्वतः उभं राहून गावाबाहेर खड्ड्यात धुवायला लावले होते. पंचांनी साक्ष दिली. माझं गाडं तिथेच अडलं आणि दवाही मंगरूनेच चोरून टाकली असणार, अशा नजरेने सगळे पुन्हा त्याच्याकडे बघू लागले. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण तो खरं बोलतो आहे हे मला माहीत होतं आणि तरी त्याला सोडवता येत नव्हतं.

मी पुन्हा बोडीवर गेलो. बांधावर ओळीने खाटा उलट्या करून वाळत टाकल्या होत्या. त्या येताना मी पाहिल्या होत्या, पण उन्हाळ्यात गावोगावी तेच दिसतं. पटेलीणबाई तिथेच खाटेची दोरी ताणत होत्या. मी सहज विचारलं.

"ढेकनायसाठी बुडवतो जी," त्या म्हणाल्या. "दरसाल बुडवतो. औंदा फवारेवाल्यायले म्हटलं, भिंतीले दवा मारता तं खाटीले काऊन नाई? त्यायनं चांगल्या भिजवून देल्या. मंग बोडीत बुडवल्या, का दोन्हीकडून मरतीन. पयले आमच्याच गेल्या."

मी त्यांना ओसरीवर घेऊन गेलो आणि तेच पुन्हा सांगायला लावलं. पंचांपैकी प्रत्येकाच्या घरची खाट बोडीत गेली होती. कुणी टोपी सारखी केली, कुणी विडी शोधू लागलं. पटेल बायकोकडे बघत राहिले.

मंगरू उठला. तो चिडला नव्हता, निदान आवाजात तसं काही नव्हतं.

"साऱ्यायच्या खाटा होत्या. माहीबी एक होती," तो म्हणाला. "मंग जाळं माहंच काऊन?"

पटेलांनी जाळं उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकून मंगरूच्या घरापर्यंत नेऊन दिलं. माफी मागितली असेल तर मी ऐकली नाही. बोडी मात्र मंगरूकडेच राहिली आणि पाऊस पडल्यावर गावानेच नवेगावहून मत्स्यबीज आणून त्याला दिलं.

माझे नागपूरचे साहेब म्हणाले, रिपोर्टमधून त्या खाटा काढून टाका, लोक हसतील. मी काढल्या नाहीत.

पुढची काही वर्षं मी त्या बोडीत हातजाळी फिरवत राहिलो. माशांना बाळसं धरायला वेळ लागला, चतुरांना त्याहून जास्त. पहिल्या पावसानंतर सगळ्यात आधी कोण परत आलं म्हणाल, तर डासांच्या अळ्या. त्यांना खाणारं पाण्यात कुणी उरलंच नव्हतं.