राखीव गोलकीपर

इथे कुवेतमध्ये, अबू हलीफाला आमच्या शेजारी एक इंग्रज राहतो. आता शाळेत पीटी शिकवतो. पूर्वी तिकडे इंग्लंडमध्ये पगारी गोलकीपर होता, पण राखीव. सगळी कारकीर्द बाकावर गेली. अजूनही लिफ्टसमोर गुडघे वाकवून, हात पसरून उभा राहतो.

परवा पार्किंगमध्ये मी नव्या गाडीची पूजा केली आणि फोडायला म्हणून चाकापुढे नारळ जोरात फेकला. कुठून कोण जाणे, हा आडवा झेपावला आणि नारळ वरच्या वर झेलला! कोपरं सोललेली, चेहरा मात्र उजळलेला.

माझं डोकंच फिरलं. "अरे बाबा, तो फोडायचा..."

बायकोने मला चिमटा काढला. "अहो, टाळ्या वाजवा आधी!"

तो नारळ आता त्याच्या शोकेसमध्ये आहे. दुसरं तिथे काहीच नाही.