धोंडीचं वर्णन

कुणी नातीकडे कौतुकाने पाहिलं, की काकू आधी तिच्या तोंडावर पदर ओढायच्या आणि मग म्हणायच्या, "कशाला बघता? लई वंगाळ ध्यान हाय."

ते वंगाळ ध्यान तुम्ही पाहायला हवं होतं. फुगलेले गाल, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. शिनोलीत आमच्या आणि काकूंच्या घरांमध्ये फक्त मेंदीचं कुंपण. त्यांचा मुलगा आणि सून चाकणला कंपनीत, म्हणून पोर काकूंकडे. तिचं खरं नाव स्वरा, पण काकूंच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. त्यांची ती धोंडी. आता धोंडीच्या शाळेपायी काकूही चाकणला गेल्यात आणि कुंपणापलीकडे कुलूप आहे.

एकदा अंगणवाडीत ताईंनी धोंडीला वजनकाट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "वा काकू, वजन झकास आहे हो!"

काकूंनी पोर काट्यावरून उचललीच. "काटा बिघडलाय तुमचा. नीट करून घ्या."

घरी येऊन मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आमच्या घरात. माझे वडील खोकत खोकत म्हणाले, "आज कुणीतरी पोरीला चांगलं म्हणलेलं दिसतंय."

काजळाची तीट एका गालावर लावून भागायचं नाही. कपाळावर, कानामागे, तळपायाला. पोर अंगणात आली की कोळशाच्या वखारीतून निसटल्यासारखी दिसायची. तुमच्याही शेजारी अशी एखादी आजी असेल. पण आमच्या काकू उलटं कौतुक करण्यात फार पुढे गेल्या होत्या. नात पोळीवर पोळी हाणत असली की म्हणायच्या, "अन्नाला शिवत न्हाई बया." नात गाणं म्हणाली की, "घसा बसलाय तिचा."

सुट्टीला आलेली सून "आई, तेवढं पाणी आणता का?" म्हणाली, की गुडघा धरायच्या. धोंडी "घोडा, घोडा" म्हणाली, की त्याच गुडघ्यांवर अंगणभर.

कांदा निवडताना मला म्हणाल्या होत्या, "नातवंडाचं बरं असतं गं. रडायला लागलं की आईच्या हवाली, हसायला लागलं की आपलं." मग कांदा हातातच ठेवून, "माझी पोरं कवा मोठी झाली मला ठाव न्हाई. मी रानात वाकलेली, पोर बांधावर. आता हिची नखं वाढत्यात, ती बी बघती मी."

हसण्यावारी नेलं असतं मी हे सगळं. पण काकूंची थोरली लेक लहानपणीच गेली होती. आळेफाट्याला एका लग्नात कुणी बाई म्हणाली, काय पुतळीसारखी पोर आहे. घरी आल्यावर पोरीला ताप भरला, तो उतरलाच नाही. डॉक्टर गोवर म्हणाले. काकू अजून त्या बाईलाच धरून होत्या. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. घोडेगावला बी.ए. केलं, आणि ते सांगताना मी मान खाली घालत नाही. दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण हे शहाणपण काकूंपुढे कधी पाजळलं नाही.

तर गावच्या यात्रेची गोष्ट.

बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. आमच्याकडे घाट म्हणजे चढावरची धावपट्टी. चार बैलांचा गाडा खालून सुटतो आणि वर पोचेपर्यंत वाटेत कुणी आलं तर थांबवणं कुणाच्या हातात नसतं. दोन्ही बाजूंना डोंगर माणसांनी भरलेला. हलगी, पिपाण्या, भंडारा.

काकू कासाराकडे बांगड्या भरत होत्या. एक हात कासाराच्या हातात, दुसऱ्या हाताने धोंडीला धरलेलं. कासार म्हणाला, "आता दुसरा हात." काकूंनी तो दिला. बांगड्या चढेपर्यंत धोंडी गायब.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. कर्ण्यातून निवेदकाचा आवाज आला.

"मंडळी, एक सूचना ऐका. धोंडी नावाची लहान मुलगी हरवली आहे. अंगाने मरतुकडी, डोक्याला केस नाहीत, नाकाला शेंबूड, कपडे जुनेपाने. कुणाला दिसल्यास स्टेजकडे आणून सोडा."

मला हसू आलं. मग लक्षात आलं. या वर्णनाची पोर अख्खी यात्रा शोधत बसली असती, आणि खरी धोंडी लोकांच्या डोळ्यांसमोरून चालत घाटात उतरली असती.

मी उठून पळत सुटले. घाटाच्या कडेने यात्रेला आलेली सून "स्वरा, स्वरा" ओरडत चालली होती. हलगीपुढे तिचा आवाज तिच्याच पदरात पडत होता. खाली पुढचा गाडा जुंपून तयार. बैल फुसफुसत होते, धरणारी माणसं मागे रेलली होती.

स्टेजजवळ वेगळंच भांडण. कुणीतरी एक गुळगुळीत डोक्याचं पोरगं आणून उभं केलं होतं, आणि त्याची आई निवेदकावर धावून गेली होती.

"जावळ काढलंय आज आमच्या बाळाचं! मरतुकडा कुणाला म्हणतो रं?"

"मी न्हाई हो ताई. ह्या आजीनं सांगितलं."

"आन् शेंबडा?"

"ते बी आजीनंच."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी म्हटलं, "काकू, अशाने कशी सापडेल? कशी दिसते ते खरं सांगा ना!"

"येवढ्या माणसांम्होरं?"

खालून कुणीतरी ओरडलं, "गाड्याची बारी सोडायची का नाय, राव? बैल ऐकंनात!"

निवेदकाने माईक माझ्याकडे केला. "ताई, तुमी सांगा. पटकन."

मी माईक घेतला, तशी काकूंनी माझं मनगट धरलं.

"तू नको. दुसऱ्याच्या तोंडून लवकर लागती." माईक त्यांनी ओढून घेतला. "लागायची तर माझीच लागू दे."

आणि डोंगरभर काकूंचा आवाज घुमला.

"माझी नात हाय. तिचं नाव…" त्या थांबल्या. "स्वरा. पिवळा परकर हाय, नवा, मीच शिवलाय. गुटगुटीत हाय. केस हायत, लई केस हायत, कुरळं, फणी मोडती. हसली की डाव्या गालाला खळी पडती."

"बास आजी, कळलं," निवेदक म्हणाला.

"थांब रं! झोपंत बी हसती. गाणं म्हणती, अर्धंच म्हणती पन ग्वाड म्हणती. चिमणीला घास ठेवल्याबिगर जेवत न्हाई. सगळी यात्रा हिंडून या, अशी पोर घावायची न्हाई. कुणाजवळ असंल तर द्या माझी मला."

हलगीवाल्याचा हात थांबला होता.

गर्दीतून रसवंतीवाली बाई आली. कडेवर पिवळा परकर.

"मगापासनं माझ्याजवळ बसलीय हो. पुकारलं ते ऐकलं मी, पन मरतुकडी म्हणलं, आन् ही तर अशी! नाव इचारलं तर स्वरा म्हणती. मला काय ठाव?"

काकूंनी पोर ओढून घेतली. हात, पाय, पाठ चाचपली. सून धापा टाकत आली आणि दोघींना मिळून मिठी मारून रडायला लागली.

धोंडीच्या ओठावर उसाच्या रसाची मिशी. एवढा गोंधळ कशाचा, हे तिला कळलं नव्हतं. तिने माईककडे बोट केलं.

"मोठीआई, आनखी म्हण."

काकूंनी माईककडे पाहिलं. माणसांनी भरलेल्या डोंगराकडे पाहिलं. मग माईकवर तळहात घट्ट दाबला आणि पोरीच्या कानाला तोंड लावलं. कर्ण्यातून नुसती खरखर आली.

तेवढ्यात गाडा सुटला. भंडारा उधळला, सगळ्या माना घाटाकडे वळल्या. त्या दोघी तशाच, घाटाकडे पाठ करून. काकूंचे ओठ हलत होते, आणि पोर गंभीर चेहऱ्याने मान डोलवत होती, एकूण एक गोष्ट तिला मान्य असल्यासारखी.