नवसाचा पहिला घास

माझ्या आईनं मला फसवलं. बायको आणि बहीण तिला सामील होत्या. दोन वर्षं या तिघींनी मिळून एक गोष्ट माझ्यापासून लपवली, आणि ती उघडी पडली त्या दिवशी सारा तांडा आमच्या अंगणात जेवायला बसला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता लोक हीच गोष्ट उलटी सांगतात. म्हणे, याच्या तापट डोक्याला भिऊन बिचारी म्हातारी गप्प राहिली. फसवलं कोणी आणि बिचारं कोण, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

मी बैलांचा व्यापारी. बाप दुसऱ्यांची जनावरं हाकत गेला. मी त्याच बाजारात आधी दलालांच्या हाताखाली राबलो, मग स्वतः दलाली केली. आता आर्णीत माझं पक्कं घर आहे आणि दावणीला माझे बैल आहेत. आमचा भाव रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली, तोंडानं एक शब्द नाही, फक्त बोटं दाबायची. समोरचा किती खाली येईल हे मला त्याच्या बोटांवरून कळतं. बैलाचा जबडा उघडला की वय सांगतो. असा माणूस स्वतःच्या घरात कसा फसला, हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही गोर, म्हणजे बंजारा. आईला याडी म्हणतो. घरात गोरबोलीच चालते, पण इथं सगळ्यांना कळावं म्हणून आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो.

सुरुवात कुठून झाली हे मला नंतर कळलं. बहीण बोरी अरबला दिली आहे. एकदा याडी म्हणाली, तिच्या दिराच्या पोरीची हळद आहे, जाऊन येते. मीच तिला मोटरसायकलवर स्टँडवर सोडलं, वाटेत खायला केळी घेऊन दिली. हळद-बिळद काही नव्हती. ती नदीच्या पाण्यात उतरली, बाप्तिस्मा घेतला, आणि दोन दिवसांनी परत येऊन मला म्हणाली, "पोरगी लय साजरी दिसत होती." कोणती पोरगी?

त्यानंतर मला काही दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण मी त्याचा हिशेब भलताच लावला. आमच्या तांड्यात देवीला बोकड देतात. त्याचं रक्त, काळीज आणि बारीक मटण एकत्र शिजवून सळोई करतात, आणि ती घरातल्या प्रत्येकानं खायची असते. त्या वर्षी याडीनं खाल्ली नाही. म्हणाली, दात दुखते. मी तिचं तोंड उघडून पाहिलं. दात खरंच गेलेले होते. बैलाचे असे दात असते तर मी त्याला बाजारात उभाही केला नसता. मी तिला यवतमाळला नेलं आणि कवळी करून आणली. ती गपचूप माप देऊन आली.

मग घरी रविवारी मटण झालं की ती कवळी लावून हाडंसुद्धा चोखायची. आणि तांड्यात बोकड असला की कवळी डबीत. मला काय वाटावं? मला वाटलं, तांड्यातले लोक मटण कच्चं ठेवतात. मी चुलीवरच्या माणसांना शिव्या दिल्या, म्हाताऱ्या माणसाला चावेल असं शिजवत जा म्हणून. ते माझ्याकडे पाहतच राहिले. ती मोबाईलवर गाणी ऐकायची, गोरबोलीत, आमच्याच चालीची. मी दावणीला चारा टाकता टाकता ती गाणी गुणगुणायचो. देवीची भजनं आहेत असंच समजत होतो. आता कळतं की बायको तेव्हा तोंडाला पदर लावून आत का पळायची.

मग याडीला लकवा मारला. तोंड वाकडं झालं, उजवा हात गळून पडला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ती खाटेवर होती आणि मी बाहेर लिंबाखाली उभा होतो. तिथंच देवीशी नवसाची बोली केली. मी बोली कच्ची करत नाही. म्हटलं, बोकड देतो, पण हात तोंडापर्यंत गेला पाहिजे. अर्धा उचलला, नुसती बोटं हलली, ते चालणार नाही. तुझ्या बोकडाचा पहिला घास ती त्याच हातानं खाईल, तेव्हा आपला सौदा पुरा.

आत गेलो तर एक बाई याडीच्या हातावर हात ठेवून, डोळे मिटून बसलेली. बायकोला विचारलं, "ही कोण?"

"बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीची सून हाय," बायको म्हणाली. "लय चांगली बाई हाय."

मी त्या बाईला चहा आणून दिला. आभार मानून प्याली. आता कळलं की बाजूच्या खाटेवर म्हातारी नव्हती, म्हातारा होता, आणि मी त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

गोळ्या चालू राहिल्या. व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची. हात आधी गुडघ्यावरून उठला, मग छातीपर्यंत आला, आणि एका सकाळी याडीनं भाकरीचा तुकडा स्वतःच्या उजव्या हातानं तोंडात घातला. मी अंघोळीच्या टॉवेलवर उभा होतो, तसाच रडलो. त्याच दिवशी बोकड पाहायला निघालो.

"बोकड कायले?" याडी म्हणाली. "दवाखान्यानं बरं केलं नं."

"पेढे वाटू," बायको म्हणाली. "साऱ्या तांड्याले पेढे वाटू."

मला वाटलं, दोघी खर्चाला भितात. मी ओरडलो. देवीशी बोललेला शब्द मोडू का मी? समोरचं ताट लोटून दिलं. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खाली बसून सांडलेला भात गोळा केला. पुढं बोकडाचा विषय कोणी काढला नाही. मी म्हटलं, ठरलं.

तांड्यातलं आमचं जुनं घर सारवून घेतलं. अंगणात मंडप टाकला. सळोई पुरुषांनी शिजवली, आणि या वेळी मी स्वतः उभा राहून मऊ शिजवून घेतली. याडीला मधोमध बसवलं. नायक, म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख, पानावर घास घेऊन आला.

"उजव्या हातात दे रे," तो मला म्हणाला. "साऱ्यायले दिसू दे देवीनं काय केलं ते."

मी घास तिच्या हातात ठेवला. तिनं तो उचलला. छाती, गळा, हनुवटी असा हात वर गेला, ओठांपुढूनही गेला आणि कपाळाला लागला. मग तिनं घास परत पानावर ठेवला.

"हे मी नाही खात, बेटा."

मागून एक म्हातारा ओरडला, "पोरगा बैलाचा भाव करते, माय घासाचा करून राह्यली! घे ना वो काकी, जास्त ताणू नको!" सगळे हसले. मीही हसलो.

"काहून?" मी विचारलं. "कवळी राह्यली का घरी?"

"तोंडातच हाय कवळी," ती म्हणाली. "दातायचं नाही हे. दातायचं कधीच नोतं."

"मंग?"

"हा हात मले माझ्या प्रभूनं देला. दुसऱ्याच्या नावाचा घास याच हातानं कशी खाऊ?"

"कोणता प्रभू?" मी विचारलं. खरंच विचारलं, मला कळलंच नव्हतं. मग बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. बहिणीकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले. तेव्हा कळलं, आणि एकट्या मला कळायचं राहिलं होतं हेही कळलं.

मी तिथं काय काय बोललो ते लिहीत नाही. तांड्याला पाठ आहे. गंमत अशी की मी ओरडत होतो आणि मागं लोकांत वेगळंच भांडण लागलं होतं. नवस फिटला का नाही? एक म्हणे, हात तोंडाच्याही वर गेला, म्हणजे बोलीपेक्षा जास्तच झालं, फिटला. दुसरा म्हणे, घास पोटात गेला नाही, म्हणजे नाही फिटला. नायकाला विचारलं तर तो म्हणाला, "आपल्या बापजाद्यांत असं झालं नाही. पहिले जेवून घ्या, मंग पाहू." बोकड सगळा संपला. तोवर बहीण याडीला ऑटोत बसवून घेऊन गेली होती.

आता ती बोरी अरबलाच असते. पहिले काही आठवडे मी तिकडे गेलो नाही. मग गेलो. ती ओसरीत बसून तूर निवडत होती, उजव्या हातानं.

"मले काहून नाही सांगतलं?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

"सांगणार होती."

"कधी?"

"तू हासत घरी येशीन त्या दिवशी."

"मंग?"

"मंग काय? बैल विकला तरी तू रागातच येतं, अजून भाव भेटला असता म्हून."

आतून बहीण हसली. मी तिला गप्प बस म्हटलं.

"मी तुझ्यासाठी देवीले बोललो होतो, याडी. लिंबाखाली एकटा उभा होतो."

"मले मालूम हाय. ते मले खोटं नाही वाटत, बेटा."

"मंग तो बोकड कोणाच्या नावानं गेला?"

"तू पिरमानं देला. लोकायनं खाल्ला. त्यात मी काय सांगू?"

बाजारात एक बैल दोघांना विकला तर त्या माणसाला चपलेनं मारतात. पण इथं विकणारा कोण, घेणारा कोण, याचाच हिशेब मला लागत नाही. देवीनं हात उचलला असेल, तर माझ्या आईनं तिच्या तोंडावर नाही म्हटलं, आणि उद्या हात परत पडला तर मी कोणत्या तोंडानं जाऊ? तिच्या प्रभूनं उचलला असेल, तर देवीनं माझा बोकड फुकट घेतला. डॉक्टर तर म्हणतो, गोळ्या आणि व्यायाम. मला तिघांवरही राग येतो, आणि तिघांनाही सोडवत नाही. ती तूर निवडत असली की मी नुसता त्या हाताकडे पाहत बसतो.

बाजारात माझा एक जोडीदार आहे, बौद्ध. त्याच्या आज्यानं छप्पन साली धर्म बदलला, दिवसाढवळ्या, साऱ्या गावाला सांगून. मी त्याला म्हटलं, धर्म असा बदलावा, मर्दासारखा. त्यानं बिडी विझवली. मग म्हणाला, "आमच्या आज्याले गावाची भीती नोती. तुझ्या मायले घरचीच होती." त्या दिवशी मी त्याच्याशी सौदा केला नाही.

घरी आलं की दुसरंच. बायको संध्याकाळी देवापुढं दिवा लावते, पहिल्यासारखाच. पण आता मी तिच्या ओठांकडे पाहतो. ते हलतात. काय म्हणते ते ऐकू येत नाही. एकदा विचारलंच, "तू पण का?"

"तुमाले काय वाटते?" ती म्हणाली, आणि काडीपेटी जागेवर ठेवून चुलीकडे गेली.

मला काय वाटतं, ते मला माहीत असतं तर विचारलं असतं का?

याडी आर्णीला परत यायला तयार आहे. तिचं म्हणणं एकच. रविवारी ती घरात प्रार्थना करणार, समोरच्या खोलीत, दार उघडं ठेवून. "लपून लय झालं," म्हणते. "आता लपून नाही." मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तिची खाट मी समोरच्या खोलीत आणून ठेवली, मग परत आत नेली. बायको दोन्ही वेळा खाटेचं दुसरं टोक धरायला आली.

याडीनं कोणाला हात जोडावे याचं उत्तर मी मागत नाही. ते माझ्या आवाक्याबाहेर गेलं. मला दुसरं उत्तर पाहिजे. मी तिघींना वेगवेगळं विचारलं की, याला सांगू नका असं पहिल्यांदा कोण म्हणालं? याडी म्हणते, सुनेनं सांगितलं. बायको म्हणते, नणंद म्हणाली. बहीण म्हणते, याडीनंच शपथ घातली. तिघी एकमेकींच्या पदराआड उभ्या आहेत, आणि मी अंगणात एकटा.

म्हणून सांगतो. जी पहिल्यांदा म्हणाली, तिनं माझ्यासमोर येऊन बसावं. मी ओरडणार नाही. ओरडलो तरी तिनं उठू नये. आणि मला सांगावं की माझ्या आईच्या मनात काय आहे, हे साऱ्या घराला कळलेलं चालतं आणि एकट्या मला कळलेलं चालत नाही, हे तू कशावरून ठरवलं? याचं उत्तर मला पाहिजे. द्या.