सावलीचा वेग

तिचं बरोबर होतं आणि मी तिला चूक ठरवलं. तेही चारचौघांत, स्वतःला नीट कळलेलं नसताना.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. दिंडोरी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावणं आलं. परीक्षकांना काय आवडतं हे शाळांना पाठ असतं. त्यामुळे धूर सोडणारे ज्वालामुखी होते, ठिबक सिंचन होतं, पवनचक्क्या होत्या. दहावीतल्या एका मुलीच्या टेबलावर मात्र नुसता एक बल्ब आणि पुठ्ठा होता. वर तक्ता लावलेला: ‘प्रकाशापेक्षा वेगवान काही आहे का?’

तिने बल्बपुढे बोट हलवलं. पुठ्ठ्यावरची सावली जराशी सरकली. मग तिने पुठ्ठा काढून घेतला आणि पुन्हा तेवढंच बोट हलवलं. सावली मागच्या भिंतीवरून सर्रकन पळाली.

“सर, भिंत जितकी लांब, तितकी सावली जोरात पळती. मग भिंत चंद्राइतकी लांब नेली तर? बोट तेवढंच हलवायचं. सावली प्रकाशाच्या पुढं जाईल का नाय?”

मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगायला काय हरकत होती? पण परीक्षकाचा बिल्ला छातीवर होता. मी म्हणालो, “प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जात नाही. पुस्तकात काय लिहिलंय?”

“तेच लिहिलंय. पण सर, सावली म्हंजी वस्तू थोडीच हाय?”

शेजारचे शिक्षक म्हणाले, “सर, ही चंद्रावर भिंत बांधून तुम्हालाच वास्तुशांतीला बोलावणार बघा!” सगळे हसले. मीही हसलो, पेन काढलं आणि तिच्या तक्त्यावर काट मारली.

तिचे वडील मागेच उभे होते. द्राक्षबागेत फवारणी करून तसेच आले असावेत, शर्टावर औषधाचे निळे डाग होते. “जिल्ह्याला निवडली तर नाशिकला सायन्सला घालीन, असं म्हणलो होतो हिला,” ते म्हणाले. “सर, तुम्हीच सांगा. हिच्यात काही हाय का?”

“नुसती तर्कटं आहेत,” मी म्हणालो. “इथेच आर्ट्सला घाला.”

त्यांनी घातलं.

पुढे काही वर्षांनी मी नाशिकमध्येच, इंदिरानगरात शिकवण्या घ्यायचो. तोवर लेझरचे लाल दिवे पोरांच्या किल्ल्यांच्या जुडग्यांना लटकू लागले होते. एका टवाळाने खिडकीतून मनगट जरासं वळवलं आणि तो लाल ठिपका समोरच्या इमारतीवरून पलीकडच्या टाकीवर गेला. मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. ठिपका इकडून तिकडे जातच नव्हता. प्रत्येक जागी इथून नवा प्रकाश पोचत होता. पडदा पुरेसा लांब असेल तर असा ठिपका, किंवा सावली, प्रकाशालाही मागे टाकेल. पण एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर साधा निरोपही त्यातून धाडता येणार नाही. नियम शाबूत आणि तीही बरोबर. सावली वस्तू नाही, हे उत्तर तिनेच मला दिलं होतं!

मग मी काय केलं? काहीच नाही. दोनदा दिंडोरीला गेलो आणि स्टँडवर चहा पिऊन परतलो. पुस्तकावर चिडलो, त्या हसणाऱ्या शिक्षकांवर चिडलो, वर्गात तो धडा आला की विनाकारण पोरांवर खेकसलो. काट मात्र माझ्याच पेनाची होती.

शेवटी पत्ता विचारत तिच्याकडे गेलो. तिचं आता द्राक्षांच्या औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांची गर्दी होती. वडील कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले.

“ओळखलंस का?”

“न ओळखायला काय झालं? काट मारणारे सर.”

मी घाईघाईने काउंटरवर बोट सरकवत ठिपका, पडदा, निरोप असं सगळं समजावू लागलो. तिने हातातली बाटली खाली ठेवली.

“सर, ते मला तव्हाच कळलं होतं. तुम्ही आज पण शिकवायलाच आले का?”

एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मी बोट मागे घेतलं आणि तिच्या वडिलांकडे वळलो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

“अण्णा, हिच्यात काही आहे का, असं तुम्ही मला विचारलं होतं. हिच्यात नक्की होतं. मलाच उत्तर येत नव्हतं, म्हणून मी हिला खोटं पाडलं. ताई, मला माफ करा.”