सांतासाठी शंकरपाळे

त्या वर्षी आम्हाला ख्राइस्टचर्चला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. नवऱ्याला सॉफ्टवेअरमधली नोकरी मिळाली म्हणून पुण्यातला संसार चार बॅगांत कोंबून आम्ही आलो होतो, पाच वर्षांची लेक आणि दीड वर्षांचा धाकटा बरोबर. शहर कुणीतरी युरोपातून उचलून आणून इथे ठेवल्यासारखं. मधोमध दगडी चर्च, नदीकाठी झुकलेली झाडं, घरांपुढे गुलाब. ऋतू तेवढे उलटे. डिसेंबरात बाहेर टळटळीत ऊन आणि दुकानांच्या काचांवर कापसाचं बर्फ. मला त्याचं फार हसू यायचं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं, आणि तिथेच घोळ झाला.

डिसेंबर लागल्यापासून लेकीच्या तोंडी सांताशिवाय विषय नव्हता. जी मुलं गुड असतात त्यांच्या घरी तो रात्री येतो, गिफ्ट ठेवून जातो. जी गुड नसतात त्यांच्याकडे येत नाही. टीचरनी सांगितलंय. मी पोळ्या लाटता लाटता "हो का? अरे वा!" म्हणायची. माझ्या लेखी सांता म्हणजे आमच्या शाळेत कापसाची दाढी लावून गोळ्या वाटणारे शिपाईकाका. गोळी मिळाली, नाताळ संपला. इथे आईबापांनाच गुपचूप काही करावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

बरं, आम्ही तिला काही घेतलं नव्हतं असंही नाही. दिवाळीला कसं आपण पोरांना दुकानात नेतो, त्यांच्या पसंतीचं घेतो, तसं नाताळच्या दहा दिवस आधी तिला नेऊन गुलाबी स्कूटर घेतली. एका पायाने ढकलायची असते ती. घरी आणली, देवापुढे ठेवली, हँडलला कुंकू लावलं आणि दिली तिच्या हातात. वस्तू आणून दहा दिवस कपाटात लपवायची आणि पोराला तरसवायचं, हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. नाताळ येईपर्यंत त्या स्कूटरची चाकं मातीने भरली होती आणि एक मूठ सैल झाली होती.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी तिने बशी मागितली. सांतासाठी खाऊ ठेवायचा होता. मी डब्यातले शंकरपाळे काढून दिले. तिने ते मोजून गोल मांडले, शेजारी दुधाचा कप ठेवला, आणि बाहेर लख्ख उजेड असतानाच, आठ वाजता, स्वतःहून अंथरुणात शिरली. "किती शहाणं माझं बाळ," असं मी म्हटल्याचं मला आठवतं. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सकाळी मी चहा टाकत होते. ती हॉलमध्ये बशीसमोर उकिडवी बसली होती. शंकरपाळे जसेच्या तसे. दुधावर साय धरलेली.

"आई, तो आलाच नाही."

तिचा चेहरा पाहिला आणि मला सगळं एकदम कळलं. पण कळून उपयोग काय! नवऱ्याला हलवून उठवलं. तो बिचारा तसाच गाडी काढून निघाला. आमची अशी ठाम समजूत होती की सणाच्या दिवशी बाजार फुललेला असणार. लक्ष्मीपूजनाला नाही का भर दुपारी माणसं खरेदी करत असतात? तासाभराने तो परत आला. अख्खं शहर कडीकुलूप लावून बसलं होतं. कोपऱ्यावरची डेरी, म्हणजे इथलं दूध-पावाचं किराणा दुकान, तेसुद्धा बंद. उघडा होता एक पेट्रोल पंप, तिथून त्याने एक चॉकलेटचा डबा आणि हवा भरायचा चेंडू आणला होता. सोफ्यामागे ते हळूच ठेवावं असा त्याचा बेत, पण लेक दारातच उभी.

"हे बाबांनी आणलंय," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. धाकट्याने चेंडू पळवला, तोही तिने पळवू दिला. एरवी त्याची काय बिशाद होती!

मला राग येत होता. टीचरचा, या शहराचा, नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी म्हटलं, "अगं, आपण नवीन ना इथे. त्याला आपला पत्ताच माहीत नसेल."

तिने विचारलं, "पुण्यात यायचा?"

"छे, पुण्यात कुठे येतो तो!"

"म्हणजे तिकडे पण मी गुड नव्हते?"

नवरा खिडकीबाहेर बघू लागला. मला वाटलं, पुरे झालं, आता खरं काय ते सांगून टाकावं. तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, "सांता-बिंता कुणी नसतं गं. आईबाबाच ठेवतात ते गिफ्ट."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले होते. "शेजारच्या मुलीची मम्मी म्हणते सांता आणतो. टीचर पण म्हणतात. त्या खोटं बोलतात? मोठी माणसं खोटं बोलतात?"

मी तिला शिरा करून घातला. दुसरं काय करणार होते?

दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणाच्या फाटकातून शेजारची मुलगी आली, नव्या कोऱ्या सायकलवर. लेक स्कूटरवर एक पाय ठेवून उभी होती. तिचा प्रश्न आलाच: सांताने तुला काय दिलं? माझ्या हातातला चिमटा हातातच राहिला.

"हीच," लेक इंग्रजीत म्हणाली. "स्कूटर."

"पण ही तर तुझ्याकडे आधीपासून होती."

"माझ्याकडे तो लवकर येऊन गेला. हे बघ, रेड." तिने हँडलवरचा कुंकवाचा डाग दाखवला. "त्याच्या हाताचा रंग लागलाय."

शेजारच्या मुलीने वाकून डाग नीट पाहिला, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत झकास, असं म्हणाली आणि सायकल वळवून निघून गेली. मला हसू आलं आणि भरूनही आलं. किती हुशार आहे माझी पोर, सुटली एकदाची यातून, असं वाटलं. चिमटे टोपलीत टाकून मी तिच्याकडे वळले, तोवर तीच स्कूटर गवतात टाकून माझ्यापाशी आली होती. माझा कुर्ता ओढून तिने मला खाली वाकायला लावलं आणि कानाशी तोंड आणलं.

"आई, मी आत्ता खोटं बोलले. आता पुढच्या वर्षी पण तो नाही येणार ना?"