शंखाचं रफू

माझ्या थोरल्या बहिणीला गल्लीत सगळे रफूवाली म्हणतात. जळका कोट असो की उंदराने कुरतडलेली शाल, त्याच कापडाचा धागा काढून ती भोक असं भरते की गिऱ्हाईक ते शोधत बसतं.

पुढच्या खोलीत तिची सुई, मागच्या शेडमध्ये भाऊजींचे शंख. शेंड्याजवळ हातोडीने फट पाडायची, पातळ सुरी घालून आतल्या गोगलगाईची कवचावरची पकड कापायची, की ती सुळकन बाहेर येते. मांस बाजारात जातं, कवच शोभेच्या दुकानात.

एकदा फट पाडली आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. तो शंख समुद्राच्या पाण्याच्या टबात तसाच राहिला. पुढे कधीतरी भाऊजी बघतात तर गोगलगाईने आतून नवं पांढरं कवच धरून फट बुजवलेली! भाऊजी विरघळलेच. तिच्यासाठी रोज ताजं पाणी, ताजं शेवाळ. येईल त्याला टबापाशी नेऊन म्हणायचे, “बघा, काय रफू केलंय पठ्ठीने!”

तो शब्द ताईला झोंबला.

“लग्न झाल्यापासून तुमचे सदरे रफू करतेय. एक तरी कुणाला दाखवलात?”

“अगं, दिसतच नाही, तर दाखवू काय?”

पुढे शेडमधल्या आकड्यात अडकून भाऊजींच्या सदऱ्याचं कोपर फाटलं, तेव्हा तिने ते शंखाच्या ओठासारख्या गुलाबी धाग्याने भरलं. निळ्या सदऱ्यावर गुलाबी! भाऊजींनी तो अंगात घातला आणि विचारलं, “निळा धागा संपला होता का गं?”

मला म्हणाली, “सवत असती तर भांडले तरी असते. हिच्या झिंज्या धरायच्या तर झिंज्याच नाहीत!”

भाऊजी बाजारात गेलेले बघून तिने शंख बादलीत घातला आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर नेला. मी बरोबर होते. गोगलगाईने देठांवरचे डोळे बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं. ताईने बुजलेल्या फटीवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा. जोड काही नखाला लागेना. “मेली कुठली!” म्हणाली आणि शंख पाण्यात सोडला.

भाऊजी आले, रिकाम्या टबापाशी उभे राहिले.

“कुठंय ती?”

“रफू झालं होतं. ज्याचं होतं त्याने नेलं.”

ते रागावले नाहीत. पुढच्या खोलीत येऊन दाराशी बसले. बसल्या बसल्या बोटं कोपरावरच्या गुलाबी रफूवर गेली. मग बाही उजेडाकडे वळवून ते बराच वेळ बघत राहिले.

“यात गाठ कुठाय गं?”

ताईची सुई थांबली. “माझ्या रफूत गाठ नसते.” एवढ्या आनंदात मी तिला क्वचितच पाहिलं असेल.

“तिच्यातही नव्हती,” भाऊजी म्हणाले.

“काढा तो सदरा! आत्ताच्या आत्ता!”

संध्याकाळच्या आत ताईने ते रफू धागा न् धागा उसवलं. भाऊजी अजून तोच सदरा घालतात, उघड्या कोपराने.