गल्लीकडे तोंड केलेले स्पीकर

नव्या स्पीकरच्या खोक्यातला थर्माकोल करकरला की मला अजून मिरचीचा ठसका लागल्यासारखं होतं. नंदुरबारात आमच्या शेजारचे काका मिरचीचे व्यापारी, त्यांच्या घराचे पडदेसुद्धा तिखट. त्यांनी होम थिएटर आणलं तेव्हा या नादातला जाणकार म्हणून मला बोलावलं आणि मी मोजायची टेप घेऊन दिवसभर राबलो. तीन स्पीकर टीव्हीपाशी, दोन सोफ्याच्या मागे कानाच्या उंचीवर. सिनेमात मागून कुणी आलं तर मान वळावी इतकं नेमकं. आठवड्याने गेलो तर पाचही स्पीकर खिडकीच्या गजांना सुतळीने बांधलेले, तोंडं गल्लीकडे, जाळ्यांत मिरचीची लाल भुकटी. वूफर बाहेर ओट्यावर, त्याच्यावर पाण्याचा माठ, आणि प्रत्येक दणक्याला माठावरचा पेला थडथडत होता. आत टीव्ही एकटाच चालू. तो फाटका आवाज ऐकून मला शिसारी आली. "काका, हे घरात बसून ऐकायचं असतं हो!" मी ओरडलो. त्याच माठातलं पाणी माझ्यापुढे धरत ते म्हणाले, "घरमा कोन ऐकस रे भाऊ? गल्लीले ऐकू येवाले जोयजे ना!" ओट्यावरची दहा-बारा माणसं खुशीत माना डोलवत होती. पाणी न पिताच मी निघून आलो. आज माझ्या खोलीत पाचही स्पीकर इंचभर न चुकता लागलेत, नेमक्या जागी एक खुर्चीही आहे, पण ऐकायला या म्हटलं तर त्या ओट्यावरून अजून कुणी उठत नाही.